तीन जोड बूट आणि एक गुडघा

महिनाभरापूर्वीच्या एका रविवारी सकाळी पळून घरी आले, तर ओट्यावर माझे बूट रांगेत मांडलेले… तेही उलटे, तळवे वर करून. शेजारी पाटावर मामा चष्मा लावून बसलेले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पायातले बी काढ."

मामा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं एसटी ड्रायव्हर होते, आता रिटायर होऊन आमच्यासोबत येडशीतच असतात. मी पळायला लागल्यापासून तीन वर्षांत त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता… चांगला नाही की वाईट नाही. सुनेनं ट्रॅक पँट घालून रस्त्यानं पळत सुटणं त्यांना पटत नसणार, असं मी मनाशी धरून बसले होते.

आता बुटांची भानगड सांगते. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते, वय त्रेचाळीस, आणि आठवड्याला साठेक किलोमीटर पळते. एवढं पळणाऱ्याला रोजचा बूट कुठला चांगला, हा प्रश्न माझ्या डोक्यात असा घुसला होता की बस्स.

एक जोड घेतला मऊ… जाडजूड फोमचा, गादीवर पाय ठेवल्यासारखा. दुसरा कडक आणि हलका, त्यात रस्त्याचा खडा न् खडा कळतो. तिसरा मधला, दिसायला अगदीच साधा.

तिन्ही आलटून पालटून घालायचे आणि वहीत लिहायचं… किती पळाले, पोटऱ्या किती भरल्या, टाच कुठं घासली. एक आठवडा तर डाव्या पायात कडक आणि उजव्या पायात मऊ घालून पळाले. एक निळा, एक केशरी. डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं किटल्या खाली ठेवून बघत होती आणि आमचे हे म्हणाले, "आता दोन रंगांचे मोजेपण घाल, म्हणजे मॅचिंग होईल."

गंमत इथवर ठीक होती. पण उजवा गुडघा बाहेरच्या अंगानं दुखायला लागला होता, आणि बूट कुठलाही घाला, चौथ्या-पाचव्या किलोमीटरला कळ यायचीच. धाराशिवच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं… महिन्यात फरक पडला नाही तर पळणं बंद.

मला भीती वाटली, खरंच वाटली. माझी आई गेल्यावर माझी झोपच उडाली होती… वर्गात फळ्यासमोर उभी राहायचे आणि काय शिकवत होते तेच विसरायचे. पळायला लागले आणि झोप परत आली. ते बंद झालं तर पुढं काय, हा विचारही नको वाटायचा.

तर मी पायातले बूट काढून दिले. मामांनी तेही रांगेत उलटे ठेवले, सहाही तळव्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्ये समदे उजव्याच अंगाला कसे गं घासलेत?"

मी वाकून बघितलं… आणि बघतच राहिले. प्रत्येक उजव्या बुटाचा बाहेरचा काठ झिजलेला, प्रत्येक डाव्याचा आतला. मी आजवर दुखऱ्या पायाचाच बूट उलटून बघायचे आणि 'हा काही आपल्याला मानवत नाही' म्हणून पुढचा घ्यायचे.

"टायर बदलून काय हुतंय," मामा म्हणाले. "तू पळतीस कुठल्या बाजूनं?"

बार्शी रोडला उसाचे ट्रॅक्टर लई. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून मी जाताना उजव्या कडेनं पळते, येतानाही उजव्याच कडेनं. आणि पाणी निघून जावं म्हणून रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो… म्हणजे तीन वर्षं माझा उजवा पाय रोज खाली पडत होता. बूट बदलले, मोजे बदलले, लेस बांधायची पद्धत बदलली. रस्ता तेवढा बदलला नाही, आणि ही बाई मुलांना प्रयोग शिकवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा स्वतःहून स्कूटर काढून उभे. मला मागं बसवून एका जुन्या रस्त्यावर घेऊन गेले. नवा रस्ता झाल्यापासून तिकडं गाडीघोडं नसतं. थोडं पुढं गेलं की थांबायचे, बाटलीतलं पाणी डांबरावर ओतायचे आणि वाकून बघायचे. दोनदा पाणी कडेला पळालं. तिसऱ्यांदा जागच्या जागी पसरलं.

"हितनं तिकडं लिंबापत्तुर सपाट हाय," ते म्हणाले. "हितं स्टेअरिंग ओढत नव्हतं. मोठ्या रस्त्याला हात भरून यायचे."

आता त्याच पट्ट्यात फेऱ्या मारते. पहिला आठवडा कळ आली, दुसऱ्यात कमी झाली, तिसऱ्यात एकदा चौदा किलोमीटर झाले तरी गुडघ्यानं दुखायचं नाव काढलं नाही. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा… बाहेर येऊन मी पार्किंगमध्ये रडून घेतलं.

आणि आता कुठं बुटांची खरी तुलना जमायला लागली. रोजच्या पळण्याला तो साधा मधला जोड सगळ्यात बरा. मऊ लांबच्या रविवारसाठी छान, पण रोज घातला की पाय आळशी होतात. कडक आठवड्यातून एकदा, जोरात पळायचं असेल तेव्हा… अर्थात हे माझ्या पायांचं झालं, तुमचं तुम्ही बघा.

काल चहा घेताना मी न राहवून विचारलं, "मामा, एवढं कळत होतं तर आधी का नाही बोललात?"

"तू रोज सकाळी पाय घासत येतीस त्ये दिसत हुतं," ते म्हणाले. "वाटलं, इचारशील."

तीन वर्षांत मी दुकानदाराला विचारलं, पुण्याच्या मैत्रिणीला विचारलं, यूट्यूबवरच्या अनोळखी माणसांना विचारलं… आणि ज्या माणसानं सगळा जिल्हा हातानं ओळखलाय, त्याच्या समोरून रोज लंगडत घरात गेले.