मला नसलेला थायरॉईड

मला थायरॉईड आहे, हे अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातल्या सगळ्या मराठी घरांना माहीत आहे. मला थायरॉईड नाही. मला डिप्रेशन आहे. पण नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात सगळीकडे थायरॉईड सांगून टाकलं आणि मग धण्याचं पाणी, अक्रोड, योगाचे व्हिडिओ असं काय काय घरी येऊ लागलं. आमची माणसं वाईट नाहीत. कुणाकडे डोहाळजेवण असलं की न बोलावता स्वयंपाकघरात शिरतात. फक्त दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं असावं लागतं. एका काकूंना मी खरं सांगून पाहिलं, तर जरा पॉझिटिव्ह विचार करत जा म्हणाल्या आणि परत फिरकल्या नाहीत.

गोळ्या चालू होत्याच. डॉक्टरांनी शिवाय शनिवारी सकाळी लायब्ररीत भरणारा एक गट सुचवला. तो चालवणाऱ्या बाई झिम्बाब्वेच्या, सत्तरीच्या. सगळे त्यांना गोगो म्हणतात, म्हणजे आजी. त्यांचा एकच हट्ट, एकटं यायचं नाही. त्यांच्याकडे म्हणे माणूस एकटा आजारी पडतच नाही, सगळं घर पडतं, शेजार पडतो. मग औषध एकट्यालाच का? घरातलं कुणीतरी शेजारी बसायलाच हवं. मला हे इतकं पटलं की रडू आलं. लगेच रागही आला, कारण माझ्या शेजारी कोण बसणार होतं?

नवऱ्याच्या हातापाया पडले. त्याने लोकांसमोर एकदा खरं काय ते बोलावं, एवढंच मला हवं होतं.

"अगं, ग्रीन कार्डचं चालू आहे आपलं. तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर काय एक्सप्लेन करू?"

शेवटी आला. गाडी मात्र समोरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये लावली, म्हणजे कुणी पाहिलंच तर भाजी घ्यायला आलो म्हणता येईल.

गोगोंच्या भाषेत सकाळी भेटलेला माणूस झोप झाली का विचारतो, आणि उत्तर असतं, तुमची झाली असेल तर माझीही झाली. गटाची सुरुवात याच रामरामाने होते. सोबतच्या माणसाला विचारायचं आणि मगच आपलं सांगायचं. एका ट्रक ड्रायव्हरने आपल्या म्हाताऱ्या आईला विचारलं. ती नाही म्हणाली. मग त्यानेही गोगोंना सांगितलं, नाही झाली.

गोगो माझ्या नवऱ्याकडे वळल्या. मी आदली रात्र सोफ्यावर बसून काढली होती. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑफिसच्या मीटिंगमधलं हसू तोंडावर आणून म्हणाला, "येस, स्लेप्ट व्हेरी वेल. थँक यू."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तो खोटं बोलत नव्हता, मी बाहेर जागी असताना आत त्याला खरंच छान झोप लागली होती. इतक्या महिन्यांत माझ्या आजाराबद्दल चारचौघांत तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.