तेल प्यालेल्या लाकडाचा बाक

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कधी आलात तर आधी वास घ्या, मग बोला. लाखेचा वास येईल, स्पिरिटचा येईल आणि त्या दोघांच्या खाली दबा धरून बसलेला मशीन तेलाचा वास येईल. हा तिसरा वास सुताराकडे नसतो. तो लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात असतो, आणि माझं अर्धं आयुष्य तिथेच गेलं. गाव खानदेशात, घर गुजरातेत भेस्तानला, काम कापडाचं, आणि माझ्या मते मी सुतार आहे. हे शेवटचं मत घरात फक्त माझंच आहे.

आमच्या खात्यातले जुने लूम निघाले आणि बिनधोट्याच्या नव्या मशीन आल्या, तेव्हाची ही गोष्ट. लोखंड भंगारवाला घेऊन गेला. लाकूड भिंतीला टेकून पडलं, चहावाल्याच्या भट्टीची वाट बघत. ज्या दांड्यांवरून सुताची कांडी पोटात घेऊन धोटा दिवसरात्र इकडून तिकडे पळायचा, ते दांडे. वजनाला लोखंडाच्या बरोबरीचे, रंगाने काळे, आणि नख मारलं तर उमटायचं नाही. मी शेटला विचारलं, नेऊ का. शेट हसला आणि हातानेच ‘ने’ म्हणाला. मी टेम्पोत दांडे भरून घरी आणले आणि बायकोला सांगितलं की यांचा एक लांब बाक होणार, कानबाईच्या आधी.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशी घरांचा श्रावणातला मोठा रविवार. घर धुऊन पुसून लखलखीत करायचं, देवी बसवायची, रोटाचा प्रसाद, आणि भाऊबंद झाडून सगळे हजर. आमच्याकडे तर बायकोचं अख्खं माहेर येतं, आणि ते माहेर अंगापिंडाने भरदार आहे. दरवर्षी माणसं जास्त आणि बसायला जागा कमी. म्हणून बाक.

बायकोने दांड्यावर बोट फिरवलं, बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, “हाई लाकूड शे का तेलनी बुधली?”

आता इथे माझ्या मेव्हण्याचा प्रवेश. बायकोचा धाकटा भाऊ. कडोदऱ्याला त्याचं तयार कपाटांचं दुकान आहे. दाबलेल्या भुशाच्या पाट्या, वर चकचकीत सनमाईका, कडेला पट्टी चिकटवली की झालं कपाट. माणूस हसरा, पण त्याला लाकूड आवडत नाही. लाकूड हलतं, फुगतं, वाकतं, गिऱ्हाइकाचे फोन येतात. त्याला पाट्या ठेवायला जागा हवी होती आणि माझ्या शेडवर त्याचा बरेच दिवस डोळा होता. त्याने दांडे पाहिले, शेड पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, याच्यावर चहा उकळेल. बाक नाही व्हायचा.”

मी म्हटलं, बाक होईल आणि तू त्याच्यावर बसशील. तो म्हणाला, बसेन, पण मी बसल्यावर तो राहिला पाहिजे. मी म्हटलं, नाही राहिला तर शेड तुझी. हे मी जोरात बोललो, कारण स्वयंपाकघरात ऐकू जायला हवं होतं. ते गेलं. बायको बाहेर आली आणि तिने निकालच लावला. “बाक बनना ते शेड तुमनी. नही बनना ते मना भाऊनी.” मेव्हण्याने लगेच खिशातून टेप काढून शेडची लांबी मोजली. त्या टेपचा खटकन मिटण्याचा आवाज मला अजून आठवतो.

कामाला लागलो. आधी छोट्या तुकड्यांवर करून पाहावं, हे मी कुणालाही सांगेन. दोन तुकडे रंधून सपाट केले, मध्ये नेहमीचा पांढरा गोंद लावला, शिकंज्यात आवळले. दुसऱ्या दिवशी शिकंजा सोडला आणि तुकडे माझ्या हातात सुटे आले. गोंद मधल्या मध्ये सुकून कातडीसारखा उभा निघाला, अखंड. लाकडाला त्याने स्पर्शसुद्धा केला नव्हता. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं लाकूड. ते पाण्याचा गोंद कशाला आत घेईल? हार्डवेअरवाल्याला तुकडा दाखवला तर तो वास घेऊन म्हणाला, “भाऊ, आ तो बाळवानुं लाकडुं छे.” म्हणजे जाळायचं. मेव्हणाच बोलतोय असं वाटलं मला, फक्त गुजरातीत.

मी त्या हार्डवेअरवाल्याकडूनच थिनर घेतलं आणि दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी घेतला. तेलकट लाकडाची रीत अशी. आधी ताजा रंधा मारायचा, म्हणजे नवी कातडी बाहेर येते. मग थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसायचं, फडकं काळं झालं की दुसरं, तेही काळं झालं की तिसरं. आणि पुसल्यावर चहा प्यायला जायचं नाही. तेल आतून परत वर येतं, ते वर यायच्या आत गोंद लागला पाहिजे. या रीतीने जोडलेला तुकडा मी अंगणातल्या फरशीवर आपटला. फरशीचा टवका उडाला, जोड तसाच. बायकोला टवका दिसला, जोड दिसला नाही.

मग खरं काम. चार पाय, त्यांना आडवे दांडे, वर बैठक. पायात चौकोनी भोक आणि दांड्याला त्या मापाची जीभ. पटाशीला धार नसेल तर असल्या लाकडात भोक पाडू नका. धार नसलेली पटाशी घसरते आणि हातात शिरते. मी दर थोड्या वेळाने दगडावर पटाशी घासत होतो, आणि शेजारपाजारला वाटत होतं की मी कुणाच्या तरी मागे लागलोय. तसा लागलोच होतो.

सगळे जोड कोरडेच बसवून पाहिले. गुण्या लावला, कोपरे काटकोनात. वर बसून पाहिलं. बाक उभा राहिला, पण हलकी किरकिर येत होती. ती यायचीच, गोंद अजून कुठे होता? उद्या सगळं सुटं करून थिनरने पुसायचं, इपॉक्सी भरायचा आणि बिडाची वजनं ठेवून दाबायचं, असा बेत ठरवून मी बाजारात गेलो.

परत आलो तर बायको बाकावर बसून मजेत डावी-उजवीकडे डोलत होती. बाक गप्प. एक शब्द नाही. तिच्या हातात लांब चोचीची तेलाची डबी.

सांगायचं राहिलं, बायकोनेही लग्नानंतर बरीच वर्षं खात्यात कांड्या भरल्या आहेत. आमच्या लोकांचं असंच असतं. दार कुरकुरलं, तेल. पंखा बोलला, तेल. लूम चालू करायच्या आधी सांध्यासांध्यात तेल सोडायचं, हे अंगातच भिनलेलं. तिने प्रत्येक जोड थोडा उचकून त्याच्या तोंडात डबीची चोच घातली होती आणि पोटभर पाजलं होतं.

मी तिला काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, “किरकिर करी ऱ्हायंता, म्हनीसन तेल टाकं. मना भाऊ हासू नको.”

हे शेवटचं वाक्य ऐकून मी खाली बसलो. म्हणजे ही माझ्या बाजूची होती. शेड भावाला देऊ करणारी हीच, आणि भावाने हसू नये म्हणून माझ्या पाठीमागे बाकाला तेल पाजणारीही हीच. पण तेल गेलं होतं ते भोकांच्या आत, लाकडाच्या उभ्या रेषांच्या टोकांना, आणि तिथून ते खोल शिरतं, थिनर पोचणार नाही इतकं. परत रंधावं तर जीभ बारीक होऊन भोकात खुळखुळेल. रविवार तोंडावर. गोंदाचा विषय संपला.

मी इपॉक्सीचे दोन्ही डबे उचलून फळीवर ठेवले आणि बायकोला म्हटलं, बिनगोंदाचा करतो. तिने विचारलं, मग धरील काय? मी म्हटलं, बांबू.

पायाच्या आरपार एक भोक पाडायचं. जिभेतही भोक पाडायचं, पण अगदी समोरासमोर नाही. ते खांद्याच्या, म्हणजे जीभ जिथून सुरू होते त्या बाजूला अर्धा सूत, जेमतेम दीड मिलिमीटर, सरकवायचं. मग टोकाला निमुळती केलेली, खणखणीत वाळलेल्या बांबूची खुंटी ठोकायची. खुंटीला वाकडं जावं लागतं, आणि वाकडं जाता जाता ती दांड्याला खेचून पायात घट्ट बसवते. अर्ध्या सुताच्या वर गेलात तर खुंटी तुटेल, कमी केलंत तर खेचणार नाही. मी एकेक खुंटी ठोकत गेलो आणि प्रत्येक जोडाच्या तोंडातून थेंबभर तेल बाहेर यायचं. बायको ते पुसायची आणि समाधानाने मान हलवायची, जणू हे तेल यायलाच हवं होतं.

पॉलिशला लाख घेतली. तेलकट लाकडावर दुसरं काहीही लावा, दिवसेंदिवस चिकट राहतं. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख मात्र तेलाला आत कोंडते. पातळ हात द्यायचे, कापडाची घट्ट पुरचुंडी करून, आणि पुरचुंडी एका जागी थांबू द्यायची नाही. श्रावणातल्या दमट हवेत लाख पांढुरकी पडते, तशी माझीही पडली. घाबरायचं नाही. हवा कोरडी होईपर्यंत थांबायचं आणि स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं वरून हलकं फिरवायचं, झाक जाते. माझी गेली. खालून लूमचा काळा रंग वर आला आणि त्यावर चमक बसली, पाण्यातून वर आलेल्या म्हशीच्या पाठीसारखी.

कानबाईचा रविवार. देवी बसली, आरती झाली, रोट वाटले गेले आणि मग माहेर बाकाकडे वळलं. मेव्हणा आधी खाली वाकला. जोड पाहिले, नखाने टोकरले, बांबूच्या खुंट्यांवर हात फिरवला आणि विचारलं, “गोंद कोणता, दाजी?” मी म्हटलं, नाही लावला. तो सरळ उभा राहिला आणि त्याने शेडकडे पाहिलं. मग तो बसला.

नुसता बसला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्याने एक उडी मारली. जागच्या जागी, बसल्या बसल्या, पूर्ण वजनाची. मग दुसरी मारली. सासूबाईंनी देवीकडे बघून हात जोडले. मी मात्र हाताची घडी घालून उभा होतो, आणि आत काय चाललं होतं ते माझं मला माहीत. त्याने दोघा चुलत भावांना शेजारी बोलावलं आणि तिघे मिळून डोलले, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मेव्हण्याने कान बाकाला लावला. किरकिर ऐकायची होती त्याला. किरकिर म्हणजे सांधा सुटायची पहिली खबर, हे तोही जाणतो, शेवटी लूमवाल्याच्याच घरचा.

आवाज नाही.

“बोलतच नाही हा,” तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, “तेल मनं शे.”

झालं. माझी पटाशी, माझा गुण्या, माझ्या खुंट्या, माझी लाख, आणि माहेरचं सगळं कौतुक गेलं त्या डबीकडे. मी सर्वांना समजावलं की धरलंय बांबूने, तेलाने फक्त तोंड बंद ठेवलंय, आणि जोडात तेल घालणं हा सुतारकामातला गुन्हा आहे. कुणी ऐकलं नाही. सासूबाई बाकावर ऐसपैस बसल्या होत्या आणि लेकीला विचारत होत्या की आमच्या पलंगालाही घालशील का.

शेड माझी राहिली. मेव्हण्याच्या पाट्या त्याच्याच दुकानात, जिन्याखाली. शेडमध्ये माझ्या फळीवर, गोंदाच्या डब्यांच्या बरोबर मध्ये, आता एक लांब चोचीची डबी उभी असते. ती मी हलवत नाही, हलवली तर संध्याकाळी परत तिथेच येते. सुतारांना मी अजूनही सांगतो की जोडात तेल नको, आणि ते पटवून द्यायला त्यांना शेडमध्येच नेतो, घरात नेत नाही. घरात बाक आहे.

मेव्हणा आला की तिथेच बसतो. दुसऱ्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतो, आणि मी दुसरीकडे बघतोय असं वाटलं की हळूच एक उडी मारतो. मी दुसरीकडेच बघत राहतो. मार म्हणावं.