कॉइल मधोमध

“ताई, खारं धरलं का?”

नमस्कार-चमत्कार नाही, चहा झाला का नाही, थेट हाच प्रश्न. संगणकावर मी तारेत कॉइल टाकली रे टाकली की आमचे दादा मागे येऊन उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे. मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलं, “दादा, सकाळच्या आमटीतही मीठ विसरले होते, तिथे कोणी विचारलं नाही.” ते हसले आणि पुन्हा विचारलं, “पण धरलं का?”

वालीवच्या एका गाळ्यात आम्ही दोघं कामाला होतो, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. मच्छीमार बोटींवरच्या वायरलेससाठी तिथे अँटेना बनायच्या. बोटीवर पूर्ण लांबीची तार ताणायला जागा नसते. मग तार आखूड करायची आणि मधोमध तांब्याची कॉइल बसवायची, ती कमी पडलेल्या लांबीची भरपाई करते. हे सगळं आधी संगणकावर करून बघायचं. प्रोग्रॅमच्या लेखी तार म्हणजे एक रेघ आणि कॉइल म्हणजे त्या रेघेवरचा ठिपका, त्याला दिलेला एक आकडा.

“पडद्यावरची कॉइल म्हणजे जावई,” ते म्हणायचे. “तिला कशाचा त्रास नाही.” खरी कॉइल तापते, खाऱ्या हवेत काळी पडते, सेटची ताकद वाटेतच खाते. म्हणून ठिपक्याला तांब्याचा रोध द्यायचा आणि वर खाऱ्या हवेचा थोडा. मालक कुरकुरायचे, की अशाने कागदावर आपलाच माल कमजोर दिसतो. दादा ऐकून घ्यायचे आणि खारं धरायचेच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारी. आमच्या दादांच्या कुलपामागे कारण होतं. ते अर्नाळ्याचे, घरात पिढ्यानपिढ्या मासेमारी. पण यांना बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटातलं सगळं बाहेर. वडिलांनी दोनदा नेलं आणि तिसऱ्यांदा धाकट्याला उचललं. “माझ्या वाटचा समुद्र भावाने घेतला,” असं ते एकदा डबा खाताना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डब्यातली सुकट मला दिली आणि स्वतः नुसती भाकरी खाल्ली.

मग एका वर्षी अर्नाळ्याच्या बोटींचं काम आमच्याकडे आलं. त्यात भावाची बोट होती. बाकीच्या बोटींचं गणित मी केलं, या एका बोटीला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. प्रोग्रॅम तारेचे सारखे तुकडे पाडून हिशेब करतो. तुकडे जितके बारीक, तितकं उत्तर अचूक. इतरांच्या तारेचे आम्ही एकवीस तुकडे करायचो. भावाच्या तारेचे त्यांनी एकेचाळीस केले.

नारळी पौर्णिमा झाली होती, बोटी निघायला टेकल्या होत्या. कॉइल गुंडाळली, नेहमीसारखी तारेच्या मधोमध बसवली आणि तार सेटशी जुळते का ते गाळ्यातल्या मीटरवर न तपासता थेट किनाऱ्यावर नेली. बोट किनाऱ्याजवळ असतानाच बोलून पाहिलं. आवाज खणखणीत. “जवळ सगळंच ऐकू येतं,” हे एरवी दादाच सांगायचे. त्या दिवशी बोलले नाहीत. भाऊ घाईत होता आणि दादा खुशीत होते.

पुढे वादळ आलं. बरोबरच्या बोटींनी किनाऱ्याला कळवलं, वळल्या, परत आल्या. भावाची बोट आली नाही. तिचा आवाजही आला नाही.

शोध थांबल्यावर दादा कामावर आले. आले ते सरळ संगणकापाशी बसले, भावाच्या बोटीचं काम उघडलं आणि मला हाक मारली.

“ताई, कॉइल बघा कुठे आहे.”

कॉइल रेघेच्या मध्यावर नव्हती. खाली होती, पाव उंचीवर. प्रोग्रॅम कॉइलची जागा तुकड्याच्या नंबरावरून ओळखतो. एकविसांत अकरावा तुकडा मधला. यांनी तुकडे एकेचाळीस केले, तेव्हा मधला झाला एकविसावा, पण कॉइल अकराव्यावरच राहिली. तिथल्या हिशेबाने कॉइल बनली आणि खऱ्या तारेत मधोमध बसली. ती तार त्या सेटशी कधी जुळलीच नव्हती.

“खारं धरलं होतं,” ते म्हणाले. “नंबर बदलायचा राहिला.”

मला रागच आला. म्हटलं, “दादा, सेट पहिल्या लाटेलाच गेला असेल. बॅटरी भिजली असेल. कोणाला ठाऊक?”

“असेलही,” ते म्हणाले. त्यांनी आकडा बदलला, कॉइल मध्यावर आणली, हिशेब पुन्हा चालवला आणि निकाल बघत बसले. त्या महिन्याअखेर त्यांनी नोकरी सोडली.

पुढे मी अर्नाळ्याला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा ओटीवर जुना सेट सुरू होता. घराच्या छपरापासून लांबच्या नारळापर्यंत तार ताणलेली. मी सवयीने तारेवर कॉइल शोधली. “कॉइल नाही,” ते म्हणाले. “इथे जागा आहे. पूर्ण लांबीची घेतली.” सेटमधून नुसती खरखर येत होती. ते तिच्याकडे कान लावून होते आणि माझ्याशी बोलताना आवाज खाली ठेवत होते. चष्मा कपाळावरच होता. जगात इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी गेले तेव्हा अंगणात त्यांची म्हातारी आई बोंबील वाळत घालत होती. सेट कधीचाच बंद पडलेला, त्यावर टोपल्या रचलेल्या. दोऱ्या बोंबलांनी भरून गेल्या होत्या आणि टोपलीत अजून बरेच उरले होते. मी मदतीला वाकले. छपरापासून नारळाकडे गेलेली ती एक तार, आता सैल होऊन हाताशी आलेली, तेवढी रिकामी दिसली, तिच्याकडे हात नेला.

“त्यावर नको, पोरी,” म्हातारी म्हणाली. “कोन बोललं तर?”

मी हातातला बोंबील परत टोपलीत ठेवला.