सात सेंटिमीटर

सुलभाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ईराचा नेमबाजीचा कोट बाल्कनीत उन्हाला टांगत होते. "अगं, हे गेले गं… झोपेतच," एवढंच त्या बोलू शकल्या. त्याला आता दीड महिना झाला, तरी त्या कोटाला हात लावला की आधी विनायककाकांचा आलेला राग आठवतो आणि मग रडू येतं.

काका आमचे रक्ताचे कुणी नव्हते. पुण्याहून इथे जर्मनीत आखनला येऊन यंत्रांच्या कारखान्यात उभा जन्म काढलेले, आणि निवृत्तीनंतर गावातल्या नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, मुलांचं साहित्य तपासायचं काम हौसेने घेतलेले. माझ्या लेकीच्या, ईराच्या हाती एअर रायफल दिली ती त्यांनीच. आमच्याकडे आले की दोनदा चहा मागणारा, सगळ्यांची फिरकी घेणारा हा माणूस तपासणीच्या टेबलामागे बसला की ओळखही दाखवायचा नाही.

गेल्या वर्षी ईराला जाड कॅनव्हासचा कोट घेतला. आपल्या रीतीप्रमाणे मी तो वाढत्या अंगाचा घेतला, आणि लोंबतोय म्हणून दोन्ही कुशींना आतून टाके घातले. मोठी झाली की उसवू! माझ्या आईने माझे सगळे फ्रॉक असेच पुरवले होते. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या सकाळी काकांनी तिच्या कोटाची कड धरून ओढली आणि टेप लावली. कोट घट्ट असला तर तो अंगाला आधार देतो, म्हणून बटणाच्या जागेपासून कड आणखी सात सेंटिमीटर पुढे सरकलीच पाहिजे असा नियम. आमची पाचच सरकली.

"हा कोट नाही चालणार."

"अहो काका, आपलीच पोर आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच नाही."

ईरा साध्या स्वेटरवर उभी राहिली. रायफल स्थिर राहीना, पुढची फेरी हुकली. येताना ती गाडीत रडली आणि मी काकांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. चूक माझी होती, पण कबूल कोण करणार…

पुढच्या रविवारी ते आपणहून आले आणि बारीक कात्री घेऊन एकेक टाका उसवत बसले. "कोटाने उभं राहायचं नसतं बेटा, तू उभं राहायचं." ईरा जर्मनमध्ये भांडत होती, ते मराठीत उत्तरं देत होते. तेव्हापासून आठवड्यातला एक सराव कोटाशिवाय, हा त्यांचा हुकूम. जाताना टेप तिच्या हातात ठेवून म्हणाले, "आधी घरी मोजायचं. मग माझ्यासारख्या खडूस म्हाताऱ्याची भीती नाही."

परवा पुन्हा जिल्ह्याची स्पर्धा होती. पोरगी वर्षात चांगलीच वाढलीय. सकाळी स्वयंपाकघरात तिने कोट चढवला, मी कड ओढली, तिने टेप धरली. सहा. उसवायला आता टाकाही उरला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "पोट जरा आत ओढून धर. आज टेबलाशी काका नाहीत, कोण एवढं बघतंय?"

"मी बघितलंय ना," ईरा जर्मनमध्ये म्हणाली. मग कोट काढून खुर्चीवर ठेवला, टेप काकांसारखीच दोन बोटांभोवती गुंडाळून खिशात टाकली, आणि कपाटात स्वेटर शोधायला लागली.