ओलीचा हत्ती आणि वगळलेली कढी

अमळनेरच्या फलाटावर गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर चालत म्हणाली, "पोचलास की सगळं लिही. सगळं म्हणजे सगळं!" दादा एवढंच म्हणाले, "नाही जमलं तर परत ये, काकांचं दुकान आहेच." त्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, एवढ्याच जिद्दीवर मी मराठीत एम.ए. करायला बडोद्याला आलो.

पहिल्याच आठवड्यात सरांनी 'माझी खोली' लिहून आणायला सांगितली. मी पेटलोच! रावपुऱ्यातल्या खोलीच्या भिंतीवरच्या ओलीचा हत्ती केला, फुटक्या तावदानातून कबुतर आत आणलं, खाटेला कण्हायला लावलं. सरांनी वाचून विचारलं, "छान. पण हे कुणासाठी लिहिलंय?" मला वाटलं, सर जळले. फुशारकीत तोच मजकूर घरच्या ग्रुपवर टाकला.

तिसऱ्या दिवशी दारात आई. काखेत गोधडी.

"सामान बांध."

"अगं, ते वर्णन आहे!"

"ओल खरी की खोटी?"

"खरी."

"मग वर्णन कसलं? आणि जेवतोस कुठे, ते का नाही लिहिलंस?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून घरमालकीण कोकिळाबेन वर आल्या. "आवो बेन, बेसो! तमारो दीकरो तो रोज मारे त्यां ज जमे छे."

खरंच, रोज त्यांच्याकडेच जेवत होतो, खिचडी-कढी चाटूनपुसून. साहित्यात कढी शोभत नाही म्हणून ती वगळली होती, मी शहाण्यानं! आईनं दोन वाट्या कढी प्यायली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "गोड आहे. पण राहा."

राहिलो तो राहिलोच. आता बडोद्यातच छाणीला घर आहे, खंडेराव मार्केटात गुजरातीत घासाघीस करतो आणि कॉलेजात मराठीच शिकवतो. अमळनेरकरांनो, तुम्ही विचारता ना, घराची आठवण येते का? दरवर्षी वर्गात मी आईनं तेव्हा अमळनेरला परतल्यावर पाठवलेला मेसेज वाचून दाखवतो: 'पोचले. इथल्या तुझ्या खोलीत कांदे ठेवलेत. खाटेखाली. खाटेवर नाही.'

पोरं कांद्यांना हसतात. मग मी सरांचा प्रश्न विचारतो, "हे कुणासाठी लिहिलंय?"

मी वळून फळा पुसायला लागतो. फळा कोराच असतो.