देवचाराच्या वाटणीची पोर्ट वाइन

गोवा भारतात आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तेव्हा आमच्या घरी दोन्ही वेळा पेजच असे. त्यात बहीण बाळंत झाली आणि अंथरुणावरून उठेना. डॉक्टर म्हणाले, गोव्याची गोड पोर्ट वाइन रोज दोन चमचे द्या. हद्दीच्या अलीकडे, आमच्या भागात सरकारची दारूबंदी होती. मी घरातला पहिला बी.ए. मी इंग्रजीत अर्ज लिहिला, एका बाटलीचा परवाना काढला आणि पणजीहून बाटली आणली. येताना हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर शिपायाने परवाना दोनदा वाचून मला सोडलं.

घरी पोचताच वडील बाटली घेऊन परसात गेले. आमच्यात दारू आली की पहिला मान जागेचा राखणदार असलेल्या देवचाराचा. वडील परत आले तेव्हा बाटली अर्धी झाली होती.

"इतकी कित्याक ओतलात?" मी विचारलं.

"थोडी दिली तर रागावता तो."

"परवान्यात तेचा नाव नाय."

"मगे घालूक व्हया होता. बी.ए. तू आसस."

उरलेली वाइन मी बहिणीला रोज एकच चमचा दिली. बाटली संपायच्या आत ती स्वतःच्या पायांनी विहिरीवर गेली.