उलाळ भरलेली कॅरव्हॅन

गाडी एखादं ओझं ओढू शकते का, हा एक प्रश्न. ते ओझं तिला आवरता येईल का, हा दुसरा. ज्याला या दोहोंतला फरक कळत नाही त्यानं गाड्यांच्या जवळपास फिरकू नये. मी तर कतारमधल्या एका बांधकाम कंपनीत गाड्यांचा इन्चार्ज होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वय सत्तावीस, खिशाला दोन पेनं. आज त्या सत्तावीस वर्षांच्या माणसाकडं वळून बघताना मला त्याची दया येत नाही. किळस येते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचा मॅनेजर इंग्रज. थंडी पडली की दोह्यातल्या गोऱ्या साहेबांना समुद्रकाठच्या वाळूत जाऊन राहण्याची हौस सुटायची. आमची माणसं वर्षभर त्याच वाळूत पत्र्याच्या खोल्यांतून राहत, त्याला कॅम्प म्हणायचे. साहेब दोन दिवस राहिला की ती सहल. मायदेशी परत चाललेल्या एका मित्राकडून आमच्या साहेबानं कॅरव्हॅन विकत घेतली होती. म्हणजे चाकांवरची एक लांबुडकी खोली, आत पलंग, टेबल, गॅसची शेगडी, आणि पुढं गाडीला अडकवायचा दांडा. ती दोह्याच्या दक्षिणेकडच्या वक्रा गावापुढं किनाऱ्यावर नेऊन ठेवायची होती. कंपनीचा ट्रक नको, त्याच्या धुरानं पडदे काळे होतात असं मॅडमचं म्हणणं. साहेबाच्या घरच्या चार दारांच्या गाडीनंच ती न्यायची होती.

"ही गाडी ओढेल ना?" साहेबानं मला विचारलं.

कॅरव्हॅनच्या दाराजवळ पत्र्याची एक पट्टी होती. रिकामं वजन किती, जास्तीत जास्त भार किती, सगळं तिच्यावर ठोकलेलं. गाडीचं वजन तिच्या पुस्तकात छापलेलं होतं. दोन्ही वाचायला पाच मिनिटं लागली असती. मी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणालो, "नो प्रॉब्लेम, सर. इंजिन फार दणकट आहे."

साहेबाला हेच ऐकायचं होतं. त्याला काहीही कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही हे लपवायला तो पाइप ओढायचा. मला पाइपचीही गरज नव्हती.

गुरुवारी सकाळी कॅरव्हॅन भरायला घेतली. गाडी चालवणार होते आमचे चाचा. रत्नागिरीकडचे, पन्नाशीला टेकलेले, सडपातळ, सगळ्या कंपनीत सर्वांत जुने ड्रायव्हर. जनरेटर, पाण्याचे वीस कॅन, डबाबंद खाण्याची खोकी, लोखंडी खुर्च्या, एवढं सामान होतं. मी हुकूम सोडला, की जड सामान सगळं मागच्या भिंतीला लावा.

यामागं माझं शास्त्र होतं. मी देशावरचा, शेतकऱ्याच्या घरातला. बैलगाडी भरताना पुढं भार झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं, खांदे सोलून निघतात. म्हणून थोडा भार मागं ओढून मान हलकी ठेवायची, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. साहेबाच्या गाडीच्या मागच्या चाकांवर ओझं यायला नको, बिचारीची मान हलकी राहू दे, असा माझा दयाळू विचार. सगळं भरून झाल्यावर मी कॅरव्हॅनचा दांडा एका हातानं उचलून दाखवला.

"बघा चाचा. फुलासारखा!"

चाचा हसले नाहीत. वाकून त्यांनी दांडा स्वतः उचलून पाहिला आणि सोडून दिला.

"भाऊ, पाठी फार झालाय. ही उलाळ गाडी. रस्त्यात शेपूट मारील."

"शेपूट मारायला मासळी आहे का ती?"

"मी बंदरात ट्रेलर ओढलेत. पुढच्या हुकावर थोडा वजन बसायलाच हवा. नि एकूण पण जड वाटतेय. गाडी लहान, ओझा मोठा. वजनकाट्यावर घालून बघू या का?"

"चाचा, तुमच्या कोकणात ओझी डोक्यावरून नेतात. गाडी कशी भरायची ते आम्हाला विचारा. माझ्या बापाचे बैल कधी कुरकुरले नाहीत."

"बैल बोलत नाय, म्हणून तुमचा चालून गेला, भाऊ."

भोवतालची माणसं खदखदून हसली. त्या हसण्यानंच सगळा घात केला. दोन मिनिटांपूर्वी मी कदाचित ऐकलंही असतं. आता चार माणसांदेखत जनरेटर पुढं सरकवणं म्हणजे डिप्लोमा ड्रायव्हरच्या पायाशी ठेवणं. "यल्ला, निघा," मी म्हणालो. चाचांनी खांदे उडवले, बिस्मिल्ला म्हणत गाडीत बसले.

उरलेलं सामान घेऊन मी पिकअपमधून त्यांच्या मागं निघालो. शहर सुटल्यावर उत्तरेचा वारा लागला. चाचा साठाच्या वर गेले नाहीत. माझ्यासमोर वेगाचा काटा होता, मी पुनःपुन्हा पाहत होतो, कारण मला उशीर होत होता आणि त्यांच्या सावकाशपणाचा राग येत होता. समोरून एक मोठा ट्रक आला, आणि तो गेल्याबरोबर कॅरव्हॅनचा मागचा भाग डावीकडं सरकला. मग उजवीकडं. मग जास्त डावीकडं. चाचांनी ब्रेक मारला नाही, चाक सरळ धरून ठेवलं, नुसता वेग सोडत आणला. जाणता माणूस जे करतो ते सगळं त्यांनी केलं. पण मागचं धूड पुढच्या गाडीपेक्षा जड होतं. त्यानं गाडी खेळण्यासारखी फिरवली आणि दोन्ही रस्त्याखाली वाळूत आडव्या झाल्या.

चाचांचं गळपट्टीचं हाड मोडलं. कॅरव्हॅनची एक बाजू फाटून डबे वाळूभर पांगले. मी चाचांना पिकअपमध्ये घालून इस्पितळात नेलं. तिथं पलंगावर पडल्यापडल्या त्यांनी माझ्याजवळ एकच मागणं केलं.

"भाऊ, साहेब बोलणार मी जोरात हाकली. तुम्ही पाठीमागून होतात. काटा बघितलात ना?"

"बघितला."

"किती?"

"साठ."

"तेवढा फक्त सांगा. भरण्याचा राहू दे. तुमचा नाव नको. साठ होता एवढाच सांगा."

"सांगतो चाचा. इन्शाल्ला."

देवाच्या इच्छेवर ढकललेली ती माझी अनिच्छा होती. आखातात राहून आम्ही अरबी एवढीच शिकलो. नाही म्हणायचं असलं की देवाचं नाव घ्यायचं.

शनिवारी साहेबानं बोलावलं. मॅडमच्या पडद्यांमुळं त्याचं डोकं फिरलेलं होतं. सामान कोणी भरलं, त्यानं विचारलं. मी म्हणालो, "ड्रायव्हर तिथं हजर होता, सर." हे खरं होतं. खोटं न बोलता खोटं बोलणं मला त्या दिवशी कुणाला शिकवावं लागलं नाही. मग त्यानं विचारलं, "जोरात चालवत होता का?"

साठ हा शब्द उच्चारायला किती वेळ लागतो?

"मी बराच मागं होतो, सर," मी म्हणालो.

पाइप पेटला. चौकशी खलास. पंधरा दिवसांत चाचांचा व्हिसा रद्द होऊन तिकीट आलं. मधल्या काळात मी एका कागदावर वेग, वारा, ट्रक, सामानाची जागा सगळं लिहिलं आणि खिशात घालून साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. त्यानं मान वर केली, "येस?" मी पेट्रोलच्या स्लिपांवर सह्या घेतल्या आणि बाहेर आलो. असा दोनदा गेलो. दोन्हीदा सह्या मिळाल्या.

विमानतळावर चाचांना सोडायला मीच गेलो. गळ्यात हात बांधलेला, म्हणून त्यांची बॅग मी उचलली. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांचं काम केलं असतं तर मी आपणहून सांगितलं असतं, एवढं त्यांना कळत होतं. फक्त जाताना म्हणाले, "दुसऱ्या ड्रायव्हराचा तरी ऐका, भाऊ."

ऐकलं. त्यानंतर आमच्याकडची प्रत्येक ओढगाडी काट्यावर जाऊ लागली, जड सामान चाकांच्या वर, थोडा भार पुढच्या दांड्यावर, आणि ओढणारी गाडी भरलेल्या ओझ्यापेक्षा चांगली जड. साहेबानं याबद्दल सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली आणि वर्षभरात मला बढती दिली. नवे ड्रायव्हर माझ्याबद्दल म्हणायचे, साहेब वजनाच्या बाबतीत फार पक्के. मी ते ऐकून घ्यायचो.

चाचांच्या गावाचा पत्ता माझ्याकडं होता. सुट्टीवर आलो की एसटीनं एका दिवसाचा रस्ता. आठ सुट्ट्या झाल्या, मी गेलो नाही. आता सांगायला निघालो तर कुणाला सांगणार? साहेब कधीच त्याच्या देशात परतला. तरी लिहून ठेवतो: वेग साठ होता, चाक सरळ होतं, आणि गाडी मी भरली होती. लिहितोय तेही मराठीत, ज्या साहेबाला सांगायला हवं होतं त्याला वाचता येणार नाही अशा भाषेत. एवढीच माझी हिंमत.